स्वयंनिर्णयातला 'स्व' कोण?

१९८२ च्या उन्हाळ्यात मी वीस वर्षांचा होतो. मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता. वस्तीच्या तोंडाशी चहाची टपरी होती, तिथं रेडिओ लागायचा आणि संपावरची माणसं एक कप चहा दोघांत घेऊन बातम्या ऐकत बसायची. एप्रिलमध्ये एकाएकी त्या बातम्यांत एक नाव यायला लागलं. फॉकलंड. दक्षिण अटलांटिकमधली बेटं. अर्जेंटिनानं सैन्य उतरवलं होतं आणि इंग्रजांचं आरमार आठ हजार मैलांवरून निघालं होतं.

आम्हा पोरांचा निकाल तिथल्या तिथं लागला. इंग्रज म्हणजे साम्राज्यवादी. मग अर्जेंटिना बरोबर. त्या रविवारी बैठकीत मी तावातावानं भाषण ठोकलं. आमच्यात एक थोरले होते, गिरणीत साचेवाले, संपामुळं घरीच. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. माझं संपल्यावर त्यांनी विडी विझवली आणि विचारलं, "ते सगळं खरं रे. पण तिथं राहणाऱ्या माणसांना कुणी इचारलं का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिथं माणसं राहतात हेच माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात दोन झेंडे होते आणि मधे एक दगड. दादांचा तो प्रश्न मी चाळीस वर्षांहून जास्त काळ उराशी बाळगून आहे. तो आज तुमच्यापुढं ठेवतो, कारण तुम्हीही माझ्यासारखेच झेंडे बघून निकाल देता, असं मला अलीकडं अभ्यासवर्गात दिसलं.

आधी फॉकलंडचंच घेऊ. युरोपातली माणसं तिथं पोचली तेव्हा बेटांवर कुणाची वस्ती नव्हती. १७६४ मध्ये फ्रेंचांनी ठाणं वसवलं. पाठोपाठ इंग्रज आले. फ्रेंचांनी आपलं ठाणं स्पेनला दिलं. पुढं स्पेन गेला, आणि स्पेनचा वारस म्हणून अर्जेंटिनानं हक्क सांगितला. १८३३ मध्ये इंग्रजांनी अर्जेंटिनाच्या मूठभर सैनिकांना काढून लावलं. साध्या वसाहतकऱ्यांपैकी बरेचजण तिथंच राहिले. तेव्हापासून बेटं इंग्रजांकडं आहेत. मेंढ्या पाळणारी, मासे धरणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तिथं जन्मली, तिथंच पुरली गेली.

अर्जेंटिना म्हणते, बेटं आमची. कशानं तुमची? स्पेनच्या राजाकडून वारसानं आली म्हणून. स्पेनच्या राजाला कुणी दिली होती? आणि याच अर्जेंटिनानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दक्षिणेतल्या मूळ जमातींवर फौजा घातल्या, माणसं मारली, उरलेली हाकलली, आणि त्या मोहिमेला 'वाळवंटाचा विजय' असं नाव दिलं. माणसं राहत होती त्या भूमीला वाळवंट म्हणायचं, म्हणजे माणसं मोजायला नकोत. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. १९८२ मध्ये तिथं राज्य करणारे सेनाधिकारी स्वतःच्याच देशातल्या हजारो तरुणांना रातोरात उचलून गायब करत आले होते. मी बैठकीत ज्यांची बाजू घेतली, ते हे.

पण म्हणून इंग्रज साधू ठरत नाहीत. १९८१ मध्ये त्यांनी नागरिकत्वाचा नवा कायदा केला. त्यात याच बेटांवरच्या पुष्कळ लोकांचं पुरं ब्रिटिश नागरिकत्व जात होतं. युद्ध झालं, अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक मेले, बेटावरच्या तीन बायका मेल्या, आणि मग १९८३ मध्ये खास कायदा करून ते नागरिकत्व परत दिलं. म्हणजे तत्त्व आधी आणि आरमार मागून, असं काही झालं नव्हतं. तरी २०१३ मध्ये बेटावरच्या लोकांना विचारलं गेलं. पंधराशेच्या वर मतं पडली. ब्रिटनबरोबर राहायचं नाही, असं फक्त तिघांनी म्हटलं.

दादांच्या प्रश्नाला हे उत्तर मिळालं. विचारलं. त्यांनी सांगितलं. मला ते आवडो न आवडो.

इथंच थांबलो असतो तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पण पुढं मला दुसरी बेटं भेटली, आणि सोपं वाटलेलं उत्तर पुन्हा अवघड झालं.

हिंदी महासागरात, आपल्या दक्षिणेला, चागोस नावाची बेटं आहेत. सगळ्यांत मोठ्या बेटाचं नाव दिएगो गार्सिया. तिथंही आधी वस्ती नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रेंच मळेवाल्यांनी मोझांबिक आणि मादागास्करची माणसं गुलाम करून तिथं नेली आणि नारळाच्या मळ्यांत जुंपली. १८१४ मध्ये बेटं इंग्रजांकडं गेली. गुलामी कायद्यानं संपली, तेव्हा मॉरिशसला हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर यायला लागले. त्यांत आपल्या कोकणातून मुंबई बंदरातनं गेलेली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखली जातात. काही गिरमिटिये पुढं चागोसलाही गेले. खोबरं सुकवणं, तेल काढणं, मासे मारणं, शे-दीडशे वर्षं हेच आयुष्य. त्यांची स्वतःची क्रिओल बोली झाली. चर्च झालं, कबरस्तान झालं. मालक मळ्याचा होता, पण घर त्यांचं होतं.

१९६० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं ठराव केला, १५१४ नंबरचा. सर्व जनतांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, वसाहतवाद संपला पाहिजे. जगभरच्या काळ्या-सावळ्या माणसांच्या बाजूचा ठराव. आणि त्याच दशकात अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता. तळ हवा, पण माणसं नकोत.

१९६५ मध्ये मॉरिशसचे पुढारी स्वातंत्र्याची बोलणी करायला लंडनला गेले. त्यांचे नेते सीवूसागर रामगुलाम, बिहारमधून गेलेल्या गिरमिटिया मजुराचा मुलगा. इंग्रज पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सननी त्यांना एकट्याला भेटीला बोलावलं. त्या भेटीआधी विल्सनना दिलेलं टिपण पुढं बाहेर आलं. त्याचा आशय असा : या माणसाला आशा दाखवून भीती घाला. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, चागोस सोडलं नाही तर मिळणार नाही ही भीती. रामगुलामांनी मान डोलावली. चागोस तोडून वेगळी वसाहत केली गेली, तिचं नाव ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश. मॉरिशसला तीस लाख पौंड मिळाले. अमेरिकेनं ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत एक कोटी चाळीस लाख डॉलर गुपचूप सोडले. १२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला.

आता माणसांचं काय? दीड-दोन हजार माणसं. ती 'जनता' ठरली असती तर संयुक्त राष्ट्रसंघापुढं जाब द्यावा लागला असता. मग लंडनच्या कचेरीतल्या साहेबांनी तोड काढली. ही कायमची रहिवासी नाहीतच, कंत्राटी मजूर आहेत, आले-गेले. १९६६ च्या एका टिपणात मोठ्या साहेबानं लिहिलं की तिथं समुद्रपक्ष्यांशिवाय मूळचं कुणी उरणार नाही. दुसऱ्यानं त्याला दुजोरा देताना त्या माणसांना टारझन म्हटलं, गोष्टीतल्या रॉबिन्सन क्रूसोचा नोकर फ्रायडे म्हटलं. आठवा, 'वाळवंट'.

१९६८ पासून मॉरिशसला दवाखान्याला गेलेल्यांना सांगायला लागले, परत जायला बोट नाही. बेटांवरची रसद कमी केली. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं केलं. माणसांची पाळलेली कुत्री खोबरं सुकवायच्या खोलीत कोंडून गाड्यांच्या धुरानं मारली. पोरं ती बघत होती. १९७३ मध्ये शेवटची बोट पेरोस बान्योसहून निघाली. त्या बोटीत लिझबी एलिझे नावाची वीस वर्षांची बाई होती, चार महिन्यांची गरोदर. २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं तिची साक्ष चित्रफितीवर दाखवली गेली. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ती आपल्या क्रिओलमध्ये बोलली. तिनं सांगितलं की आम्हाला जनावरांसारखं, गुलामांसारखं त्या बोटीत भरलं. मॉरिशसला पोचल्यावर तिचं बाळ जन्मताच गेलं.

पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत ही माणसं पडली. नारळाचं काम येणाऱ्याला तिथं काम नव्हतं. आणि ज्या मॉरिशसनं नुकतंच स्वातंत्र्य मिळवलं होतं, त्यानं त्यांचं काय केलं? पुनर्वसनासाठी ब्रिटननं साडेसहा लाख पौंड दिले, ते वाटायला तिथल्या सरकारनं चार-पाच वर्षं घालवली. तोवर महागाईनं त्यांची किंमत उतरली. तिथल्या लोकांनी त्यांना 'इलवा', म्हणजे बेटवाले, म्हणून हिणवलं. स्वतंत्र देशातही त्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचीच जागा आली.

त्या बायका रस्त्यावर उतरल्या, उपोषणाला बसल्या, लाठ्या खाल्ल्या. १९८२ मध्ये ब्रिटननं चाळीस लाख पौंड कबूल केले. पैसे देताना इंग्रजीतल्या कागदावर अंगठे घेतले. परत जायचा हक्क सोडला, असं त्यात लिहिलेलं होतं. पुष्कळांना ते पैसे मिळाल्याची पावती वाटली. अंगठा म्हणजे काय, हे आपल्या बापजाद्यांनी सावकाराच्या ओट्यावर शिकलं आहे, मी काय सांगू?

साल बघा. १९८२. त्याच वर्षी अटलांटिकमधल्या अठराशे माणसांची इच्छा सर्वोच्च आहे, असं सांगून ब्रिटन लढाईला गेलं. हिंदी महासागरातल्या तेवढ्याच माणसांच्या इच्छेची किंमत एक अंगठा. पहिली गोरी होती, दुसरी काळी. याहून जास्त स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. स्वयंनिर्णय म्हणजे स्वतःचा निर्णय स्वतः घेणं. पण हा 'स्व' कोण?

पहिलं उत्तर सांगतात, मूळचा तो 'स्व'. हे उत्तर आपल्या चळवळीत फार गोड लागतं. पण चागोसची माणसं मूळची नव्हती. साखळदंडात नेलेली होती. फॉकलंडची माणसंही मूळची नाहीत. 'मूळ' ही कसोटी लावली तर चागोसमध्ये लंडनचा साहेबच जिंकतो, कारण तोच म्हणत होता की यांचं मूळ इथलं नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत नाकारला होता. रक्तावर आणि वंशावर आपला हक्क उभा केला नाही. का, हे मला चागोसमुळं नीट कळलं. हक्क मुळावर टेकवला, की ज्याच्या हातात जुने कागद, त्याच्याच हातात आपली मान. आमच्या वस्तीवर बुलडोझर आला तेव्हा कारकुनानं पहिला प्रश्न हाच केला होता. कधीपासून राहता? पुरावा? तारखेच्या एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला अतिक्रमण. माझी आई त्याला म्हणाली, "साहेब, ही भुई आम्ही भराव टाकून केलीय. आधी इथं पाणी होतं." माझ्या मते हक्काची व्याख्या तीच आहे. राबणं, राहणं, माणसं पुरणं.

दुसरं उत्तर सांगतात, आज जो राहतो तो 'स्व'. मतपेटी ठेवा, मोजा, विषय संपला. मग आज दिएगो गार्सियावर मतपेटी ठेवा. तिथं सैनिक आहेत आणि कंत्राटी कामगार आहेत. याच तळावरून उडालेल्या बाँबफेकी विमानांनी इराकवर आणि अफगाणिस्तानावर बाँब टाकले. तिथं मत घेतलं तर तळ शंभर टक्क्यांनी निवडून येईल. आधी माणसं हाकला आणि मग उरलेल्यांना विचारा, याला लोकमत म्हणायचं? मत मोजायच्या आधी माणसं मोजली पाहिजेत, आणि माणसं मोजताना हाकललेली धरली पाहिजेत.

तिसरं उत्तर सांगतात, देश हाच 'स्व'. २०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की चागोस तोडणं बेकायदा होतं, कारण त्यात जनतेची खरी, मोकळी इच्छा नव्हती. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत ११६ देश मॉरिशसच्या बाजूनं, सहा विरुद्ध. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दडपणाखाली घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे जगाच्या न्यायालयानं मानलं. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात सही झाली ती कोणत्या दडपणाखाली, हे आपण विसरलेलो नाही.

पण त्यात एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. येरवड्यात बाबासाहेब आपल्या माणसांसाठी स्वतः टेबलाशी बसले होते. लंडनला १९६५ मध्ये चागोसचा एकही माणूस टेबलाशी नव्हता. आणि साठ वर्षांनंतर? २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसनं करारावर सह्या केल्या. बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं ब्रिटनकडं, त्याचं वर्षाचं भाडं सरासरी दहा कोटी पौंडांच्या वर. चागोसवासीयांसाठी चार कोटी पौंडांचा निधी. दिएगो गार्सियावर राहायला परत जायची सोय नाही. बाकीच्या बेटांचं मॉरिशस ठरवील. भारत सरकारनं स्वागत केलं. त्याच दिवशी पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांनी लंडनच्या न्यायालयातून सही थांबवणारा हुकूम मिळवला होता. दुपारपर्यंत तो उठला. चागोसच्या माणसांत या कराराबद्दल दोन तट आहेत, काहींनी तो आनंदानं घेतला. घेवोत. माझं म्हणणं एवढंच की दोन सरकारं समोरासमोर बसली आणि ज्यांचं घर त्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं.

कुणी म्हणेल, असं बोलून तू साम्राज्यवाद्यांच्या हाती कोलीत देतोस. मॉरिशसचा हक्क कमजोर करतोस. हा आक्षेप मी हलका मानत नाही. १९३० मध्ये गोलमेज परिषदेत बाबासाहेब अस्पृश्यांची बाजू मांडायला गेले तेव्हा त्यांच्यावर हाच आरोप झाला होता. वास्तविक तिथं त्यांनी इंग्रजांना तोंडावर सांगितलं की तुमच्या राज्यात आमची अस्पृश्यता तसूभर हलली नाही, आम्हालाही स्वराज्यच हवं. पण त्यात आमचा वाटा कुठं आहे, हे आधी लिहा. वर्षभरानं गांधीजींच्या भेटीत ते म्हणाले, मला मायभूमी नाही. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. परक्याचं राज्य जायला हवं. आणि परक्याचं राज्य गेल्यानं आपोआप कुणी मोकळा होत नाही. ज्याला ही दोन्ही एका वेळी बोलता येत नाहीत, त्याच्या हातात शेवटी नुसता झेंडा उरतो.

आता म्हणाल, दादा, कुठली ही बेटं, आपल्याला काय करायचंय? तर गावाकडं चला. "गावानं ठरवलं." हे वाक्य किती वेळा ऐकलंय? गावानं ठरवलं, गायरानावरची खोपटी उठवायची. गावानं ठरवलं, यांना पीठ दळून द्यायचं नाही, किराणा द्यायचा नाही. बहिष्कारही गाव एकमतानंच ठरवतं. तोही गावाचा स्वयंनिर्णयच की! फक्त त्या 'गावात' आपली वस्ती धरलेली नसते. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना झोडपलं, आणि घटनेनं गाव सोडून माणूस हा एकक धरला, याचा आनंद बोलून दाखवला. 'स्व' कोण याचं मला सापडलेलं उत्तर तिथलं आहे. सगळ्यांत शेवटचा, मोजणीतून गाळलेला माणूस मोजेपर्यंत कुठलाही 'स्व' पुरा होत नाही, मग तो गावाचा असो, देशाचा असो, की बेटाचा.

म्हणून पुढच्या वेळी कुठं झगडा पेटला, बेटाचा, डोंगराचा, धरणाचा, गायरानाचा, तर झेंडे बघायच्या आधी तीन प्रश्न विचारा. मत घ्यायच्या आधी कुणाला हाकललं? मोजताना कुणाला गाळलं? आणि जे ठरलं त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर? फॉकलंडला हे प्रश्न लावा, तिथल्या माणसांना हाकलण्याचा हक्क अर्जेंटिनाला मिळत नाही. चागोसला लावा, तिथं ना ब्रिटन पास होतं, ना मॉरिशस पुरतं पास होतो. उत्तर प्रत्येक ठिकाणी सारखं येणार नाही. प्रश्न सारखे ठेवा.

दादा संपानंतर पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत, गिरणीच राहिली नाही. त्या जमिनीचं काय करायचं, हेही कुणीतरी ठरवलं. त्यांना कुणी विचारलं नाही.

जयभीम.